अमूर्त चित्रकला आणि वत्सगुल्माची साक्ष

अमूर्त चित्रकला ही परदेशांतून आणलेली टूम असून आपल्या मातींत तिला मूळ नाहीं, असा आक्षेप सुशिक्षित मंडळींच्या तोंडून वारंवार ऐकूं येतो. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. १९१० च्या सुमारास कान्डिन्स्की व त्याचे समकालीन यांनीं युरोपांत वस्तूचें चित्रण सोडून केवळ रंग व आकार यांवर चित्र उभें केलें, आणि ती रीत पुढें मुंबईस पोंचली. परंतु उत्तरार्ध मान्य करण्यापूर्वीं विदर्भांतील एका जुन्या राजधानीची साक्ष काढणें अगत्याचें आहे.

ती राजधानी म्हणजे आजचें वाशीम. १९९८ सालीं अकोला जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचें हें ठाणें पूर्वीं वत्सगुल्म या नांवानें प्रसिद्ध होतें. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन यानें चवथ्या शतकांत येथें वाकाटकांची एक शाखा स्थापिली. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीमलाच सांपडला, आणि या शाखेच्या इतिहासावर नवा प्रकाश पडला. याच शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें, हें तेथील शिलालेखच सांगतो.

अजिंठ्याचीं चित्रें अमूर्त आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. तीं बुद्धाच्या व जातकांच्या कथा सांगतात. तथापि भिंतीवरून दृष्टि छताकडे नेली, कीं निराळाच अनुभव येतो. दुसऱ्या लेण्याच्या छतावर वर्तुळांत वर्तुळें गुंफलेलीं आहेत. तेथें हंस आहेत, फुलें आहेत, पण गोष्ट नाहीं. डोळा केवळ आवर्तनांत रमतो. यावरून अमूर्त चित्रकला आपल्याकडे जन्मली असें सिद्ध होत नाहीं. कथेवांचूनहि डोळ्यास सुख होतें, हें मात्र त्या कारागिरांस पुरतें ठाऊक होतें.

दुसरी साक्ष साहित्याची आहे. काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्म नगरींतच लाविला आहे. वैदर्भी रीतीस प्राकृतांत ‘वच्छोमी’ हें नांव मिळालें, तेंहि याच नगरावरून. म्हणजे या गांवाचें नांव काव्यविषयास नव्हे, तर सांगण्याच्या रीतीस लागलें. आणि वामनानें तर रीतीसच काव्याचा आत्मा मानलें. ‘काय’ यापेक्षां ‘कसें’ याला इतका मान देणाऱ्या परंपरेस अमूर्त चित्राचा विटाळ कां व्हावा?

आधुनिक काळांत हा धागा विदर्भांतच पुन्हां दिसतो. वासुदेव गायतोंडे १९२४ सालीं नागपुरांत जन्मले; सय्यद हैदर रझा यांचें आरंभींचें कलाशिक्षण नागपुरांतच झालें. दोघेहि पुढें मुंबईच्या प्रागतिक चित्रकारांच्या मंडळींत होते. रझांनीं फ्रान्सांत राहून ‘बिंदू’ आपल्या चित्राच्या मध्यभागीं आणिला. गायतोंड्यांनीं मनुष्याकृति हळूहळू सोडून दिली. रूळ व सुरी यांनीं रंगाचे थर चढवावे, खरवडावे, आणि वाट पाहावी, ही त्यांची पद्धत. ‘अमूर्त’ हा शब्दहि त्यांस रुचत नसे. २००१ सालीं ते वारले; २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें.

मग आजच्या कलेंत या चित्रांचें प्रयोजन काय? आज हातांतल्या यंत्रावर दिवसाला शेंकडों चित्रें येतात, आणि प्रत्येक चित्र घाईनें कांहीं तरी सांगून निघून जातें. अशा वेळीं, जें कांहींच सांगत नाहीं, परंतु थांबावयास लावतें, तें चित्र डोळ्यांस पुन्हां पाहावयास शिकवितें. अर्थात् अमूर्ताच्या नांवाखालीं पोकळ रंगकामहि पुष्कळ खपतें. त्याची परीक्षा सोपी आहे: एक रंग काढला किंवा एक रेघ हलविली, तर चित्राचें कांहीं बिघडतें काय? बिघडत नसेल, तर तें चित्र खुशाल नाकारावें. बिघडत असेल, तर ‘हें कशाचें चित्र?’ हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवून त्यापुढें उभें राहावें. वच्छोमीच्या वारसांस तेवढें अवघड जाऊं नये.