आवाजामागची बॅटरी : नगर जिल्ह्यातील १९५६चा प्रयोग

१/ हौशी रेडिओचालक आपल्या संचाशेजारी बॅटरी ठेवतो, ती वीज गेल्यावर संपर्क तुटू नये म्हणून. आज ही राखीव सोय आहे. पण पाथर्डी ज्या जिल्ह्यात आहे, तेथील विजेविना असलेल्या गावांत सत्तर वर्षांपूर्वी बॅटरी हाच रेडिओचा एकमेव आधार होता. त्या काळाचा हा धागा.

२/ स्वातंत्र्याच्या वेळी देशातील लाखो खेड्यांपैकी जेमतेम १,५०० खेड्यांत वीज होती. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. आवाज हवेतून गावापर्यंत पोचला. तो ऐकायचा कसा, हा प्रश्न उरला.

३/ फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावे. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे एकूण २० कार्यक्रम.

४/ गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत आणि आपल्या शंका पुणे केंद्राला लिहून कळवीत. त्यांची उत्तरे पुढे रेडिओवरून मिळत. खेडे प्रथमच केवळ श्रोता न राहता संवादाचा भागीदार झाले.

५/ पण त्या काळचे संच व्हॉल्व्हचे. ट्रान्झिस्टर अजून खेड्यात यायचा होता. व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागे : तंतू तापवण्यासाठी सुमारे दीड व्होल्ट आणि आवाज उमटवण्यासाठी ९० व्होल्टच्या आसपास. कोरड्या बॅटऱ्यांचा जड गठ्ठा ही गरज भागवी. संपला की फेकून नवा आणायचा.

६/ दुसरा मार्ग ६ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा. संचातील ‘व्हायब्रेटर’ तिचा प्रवाह वेगाने तोडून-जोडून देई, मग रोहित्र त्याचा दाब वाढवी. ही बॅटरी पुन्हा भरता येई. मात्र गावात वीज नसेल तर त्यासाठी ती उचलून वीज असलेल्या ठिकाणी न्यावी लागे.

७/ रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर चढतो आणि ती कायमची दुबळी होते. बॅटरी भरायला झालेला विलंब म्हणजे त्या संध्याकाळी मुकलेला कार्यक्रम, आणि कदाचित बॅटरीही गमावलेली.

८/ टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाची पाहणी केली. श्रोतामंडळे असलेल्या गावांत शेतीविषयक ज्ञान इतर गावांपेक्षा स्पष्टपणे वाढलेले आढळले. १९५९मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.

९/ आजचा हौशी संच सहसा १३.८ व्होल्टवर चालतो. १०० वॅटचा संच ऐकताना सुमारे १ अँपिअर घेतो, तर पूर्ण शक्तीने बोलताना २०च्या आसपास. म्हणून वीज गेल्यावर अनुभवी चालक शक्ती कमी करतो, अधिक ऐकतो, मोजके बोलतो. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून खाली उतरू देत नाही, तारा जाड व आखूड ठेवतो आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवतो.

१०/ साधने बदलली, बॅटरीची निगा राखण्याची गरज मात्र तशीच आहे. त्या प्रयोगाच्या इतिहासात युनेस्को, आकाशवाणी आणि संशोधकांची नावे नोंदली गेली. बॅटरी वेळेवर भरून आणणाऱ्या, गठ्ठा संपण्याआधी नवा मागवणाऱ्या माणसांची नावे नाहीत. गावाचा प्रश्न पुण्यापर्यंत आणि त्याचे उत्तर पुन्हा गावापर्यंत पोचायचे, ते त्यांच्याही भरवशावर.