वर्ध्यापासून मोबाइलपर्यंत: अंगावरच्या दुधाची गोष्ट

स्तनपानाच्या चळवळीचं आपल्या मातीशी नातं आहे. ३ डिसेंबर १९९१ ला ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ स्थापन झालं ते वर्ध्यात. पुढच्याच वर्षी डबाबंद बाळदुधाच्या जाहिरातींना चाप लावणारा कायदा आला. डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो छापायलाही बंदी! २००३ च्या दुरुस्तीत इलेक्ट्रॉनिक जाहिरातीही आल्या.

तेव्हा पहिलटकरणीला शिकवायची आई, सासू, नाहीतर सुईण. त्यात शहाणपण होतं, तसंच चीक पिळून टाकायचा, मध चाटवायचा हेही होतं. आता ती मोबाइलवर शिकते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर बाळाला कसं धरायचं, छातीला नीट कसं लावायचं, याचे मराठी व्हिडिओ आहेत. फुकट. सासूला ‘हे बघा, डॉक्टरच सांगतायत’ म्हणायची सोय झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. २०१५-१६ ते २०१९-२१ मध्ये देशात सहा महिन्यांखालची निव्वळ अंगावर पिणारी बाळं ५५ वरून ६४ टक्क्यांवर गेली. (सगळं श्रेय मोबाइलला नको.) दवाखान्यातली बाळंतपणंही ७९ वरून ८९ वर गेली. तरी जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं? ४२ च्या आसपास, जागच्या जागी. तो तास आईच्या उमेदीवर नाही, वॉर्डावर चालतो. सिझर झालेलीला बाळ छातीशी कोण आणून देणार? आमच्याकडे रात्रपाळीला एकच सिस्टर असते.