नाण्यांवरची 'दीवा' फॉस्टिना

रोमन नाणी मी कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. संग्रहालयांच्या सूची आणि छायाचित्रे समोर ठेवून एकेक अक्षर लावत गेलो. त्यात थोरल्या फॉस्टिनाच्या नाण्यांवर मी सर्वांत जास्त रेंगाळलो, ते त्यांवरच्या दोन लेखांमुळे.

फॉस्टिना ही सम्राट अँटोनायनस पायस याची पत्नी. इ.स. १३८मध्ये तो गादीवर आला, तिला 'ऑगस्टा' हा किताब मिळाला आणि १४०मध्ये ती वारली. हयातीतल्या तिच्या नाण्यांवर लेख आहे : 'फॉस्टिना ऑगस्टा, अँटोनायनस ऑगस्टसची'. पतीचे नाव षष्ठीत. 'पत्नी' हा शब्द लिहिण्याचीही गरज वाटलेली नाही. सेनेटने तिला देवत्व दिल्यानंतरच्या बहुतेक नाण्यांवर मात्र एवढेच : 'दीवा फॉस्टिना'. पतीचे नाव गळाले. 'दीवा' म्हणजे देवत्व पावलेली. संस्कृत 'देव' आणि आपल्या 'दिवंगत'मधला 'दिव्' हे त्याच मुळाचे.

तिची बहुसंख्य नाणी मृत्यूनंतरचीच आहेत. सोन्याचांदीतही ती पाडली गेली. पण बाजारात हातोहाती फिरली ती हलक्या धातूंची. त्यांना आपण सरसकट कांस्यनाणी म्हणतो. प्रत्यक्षात मोठे सेस्टर्शियस पितळेचे असे, आणि अशी चार नाणी मिळून चांदीचा एक डिनेरियस होई. मागच्या बाजूला कधी धान्यदेवता सेरेस, कधी 'एटर्निटास' म्हणजे शाश्वतता. सोबत 'एस सी', सेनेटच्या ठरावाची खूण.

याला केवळ पत्नीप्रेम म्हणणे मला अपुरे वाटते. अँटोनायनस स्वतः हेड्रियनचा दत्तक पुत्र. त्याने दत्तक घेतलेला वारस मार्कस ऑरेलियस हा फॉस्टिनाच्या भावाचा मुलगा, आणि १४५मध्ये तिच्याच मुलीचा नवरा झाला. दत्तकाने चालणाऱ्या गादीला रक्ताचा धागा होता तो फॉस्टिनाचा. ती देवी ठरली की वारसाची आत्या आणि सासू देवी ठरते. तिला स्वतंत्र नाव मिळाले खरे, पण ते देणारे सेनेट आणि राजघराणे होते.

रोमच्या फोरममध्ये तिचे मंदिर आजही उभे आहे. त्यावर आधी तिच्या एकटीचेच नाव कोरले होते. १६१मध्ये अँटोनायनस वारला, तोही देव झाला आणि त्याच्या नावाची ओळ तिच्या नावाच्या वर कोरली गेली.