गायतोंडे यांची रंगदृष्टी

चित्रप्रदर्शनास गेलेला रसिक एखाद्या अमूर्त चित्रापुढे उभा राहिला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'हे कशाचे चित्र आहे?' या प्रश्नात गैर असे काहीच नाही. राजा रविवर्म्याची घरोघर टांगलेली लक्ष्मी असो किंवा धुरंधरांची पौराणिक दृश्ये असोत, त्याने लहानपणापासून पाहिलेले प्रत्येक चित्र कशाचे ना कशाचे होते. आता प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही म्हणजे तो दुसऱ्या निष्कर्षाकडे वळतो आणि म्हणतो, ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे. वासुदेव सन्तू गायतोंडे यांच्यावर हा आक्षेप घेणे फार सोपे आहे. परंतु केवळ रंगाने बोलणाऱ्या चित्रापर्यंत ते कोणत्या वाटेने आले, याचा वृत्तांत पाहिला असता तो आक्षेप टिकत नाही.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पण त्यांची जडणघडण झाली ती गिरगावातील चाळीत. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेची पदविका त्यांनी १९४८ मध्ये घेतली. त्या कलाशाळेत तेव्हा दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. एकात समोर बसलेल्या व्यक्तीचे हुबेहूब चित्रण शिकविले जाई. दुसऱ्यात जगन्नाथ अहिवासी यांच्यासारखे शिक्षक भारतीय चित्रपरंपरेचे संस्कार करीत. दुसऱ्या प्रवाहात गायतोंडे यांची गाठ पडली ती जैन पोथ्यांतील चित्रांशी आणि बसोलीच्या लघुचित्रांशी.

बसोली हे जम्मूकडील डोंगराळ भागातील एक छोटे संस्थान. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकात तेथे जी चित्रे निर्माण झाली, त्यांत छायाप्रकाशाचा खेळ नाही आणि दूरत्वाचा आभासही नाही. तांबड्या, पिवळ्या, गडद हिरव्या रंगांचे सपाट पट्टे एकमेकांना भिडून उभे असतात. दागिन्यातील पाचूची चमक दाखवावी म्हणून तेथील चित्रकार एका किड्याच्या हिरव्या, झळझळीत पंखकवचाचे बारीक तुकडे चित्रावर चिकटवीत असत. अशा चित्रात नायक, नायिका आणि त्यांची सखी असते, हे खरे. परंतु चित्र डोळ्यांत भरते ते रंगांच्या परस्पर प्रमाणामुळे.

गायतोंडे यांनी ही गोष्ट अचूक हेरली. लघुचित्रांचा अभ्यास करताना त्यांनी त्यांतील मनुष्याकृती मनाने वगळल्या आणि रंगाचा कोणता पट्टा किती जागा व्यापतो, शेजारच्या रंगाला तो उजळतो की विझवितो, एवढेच पाहावयास आरंभ केला. आकृती चित्रकाराला बांधून टाकते, असा अनुभव त्यांना आला आणि पुढे तो त्यांनी सांगितलाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्को येथील एका प्रदर्शनात कांडिन्स्की या रशियन चित्रकाराला असाच अनुभव आला होता. मोने या फ्रेंच चित्रकाराने रंगविलेली गवताची गंजी त्याला गंजी म्हणून ओळखता आली नाही, तरीही त्या चित्राचा रंग त्याच्या मनातून जाईना. कांडिन्स्कीला जे गवताच्या गंजीने दाखविले, ते या गिरगावकर तरुणाला बसोलीच्या नायिकेने दाखविले.

१९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. १९५० मध्ये गायतोंडे यांना त्यात निमंत्रण मिळाले. हिटलरच्या काळात मध्य युरोप सोडून मुंबईत आलेले लँगहॅमर, लायडन आणि श्लेसिंगर हे जाणकार या तरुण चित्रकारांचे पाठीराखे होते. त्यांच्या संग्रहांमुळे आणि संभाषणांमुळे आधुनिक युरोपीय चित्रकला मुंबईकरांच्या परिचयाची झाली. त्यांतील पॉल क्ले याच्याकडे गायतोंडे ओढले गेले. १९१४ मध्ये ट्युनिसला गेल्यावर या चित्रकाराला रंगाचा साक्षात्कार झाला, असे तो स्वतःच मानीत असे. रंगाच्या चौकटींवरून फिरणारी त्याची रेषा बालकासारखी निरागस आणि तितकीच हिशेबी आहे. पन्नाशीच्या दशकातील गायतोंडे यांच्या चित्रांत ती रेषा स्पष्ट दिसते. पण क्ले त्यांना रुचला, कारण जे ते आधीच शोधीत होते त्याला त्याच्या चित्रांत दुजोरा मिळाला.

१९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. त्यानंतर लवकरच, १९५९ च्या सुमारास, आकृती त्यांच्या चित्रांतून पूर्णपणे निघून गेली. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अमूर्त म्हटले की मागे कुठे तरी एखादी मूर्त वस्तू होती आणि ती पुसली, असा अर्थ निघतो. गायतोंडे यांच्या चित्रात पुसलेले असे काही नाही. जे आहे ते सगळे समोर आहे.

येथे सनावळीकडे लक्ष द्यावयास हवे. १९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हा अमेरिकन चित्रकार मुंबईत आला असता त्याने त्यांची चित्रे पाहिली आणि न्यूयॉर्कच्या एका चित्रदालनाच्या चालकांना त्यांच्याविषयी कळविले. उत्कृष्ट रॉथकोच्या तोडीचा हा चित्रकार आहे, अशा आशयाची ती शिफारस होती. रंगाचे मोठे, तरंगणारे आयत रंगविणाऱ्या मार्क रॉथकोचे नाव तेव्हा अमेरिकेत अग्रभागी होते. गायतोंडे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले ते त्यानंतर, १९६४ मध्ये. तेथे रॉथकोची चित्रे पाहून त्यांची दृष्टी अधिक निश्चित झाली असेल. परंतु ज्याच्याशी त्यांची तुलना आधीच होऊन गेली होती, त्याच्यापासून त्यांनी वस्तुनिरपेक्षता उसनी घेतली, असे म्हणता येत नाही.

त्यांची काम करण्याची रीत पाहिली म्हणजे उरलासुरला संशयही फिटतो. ते कुंचल्यापेक्षा रूळ आणि रंग पसरविण्याची सुरी अधिक वापरीत. वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलीत. त्याने काही रंग निघे, काही उरे आणि खालचा थर डोकावे. असा एक थर, त्यावर दुसरा, आणि मध्ये दीर्घकाळ नुसते पाहत बसणे. बाहेरच्याला ती स्वस्थता आळसासारखी वाटावी. त्यांच्या लेखी ते कामच होते. वर्षाकाठी पाचसहा चित्रे एवढाच त्यांचा उतारा असे. झेन विचार, रमण महर्षी, कृष्णमूर्ती आणि मुंबईतील निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता. मौन हा त्यांच्या चित्रांचा विषय नव्हता, तर ती चित्रे तयार होण्याची अटच होती.

या अटीची किंमत त्यांनी दिली. भुलाभाई देसाई संस्थेत रविशंकर, अल्काझी, हुसेन अशा कलावंतांच्या शेजारी राहून काम करणारा हा माणूस पुढे दिल्लीस गेला आणि निजामुद्दीन भागातील एका लहानशा जागेत एकटा राहू लागला. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तिच्यामुळे चित्रांची संख्या वाढली नाही की गाठीभेटीही वाढल्या नाहीत. १९८४ मधील अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही काळ हातावेगळे झाले, तेव्हा ते लहान कागदांवर शाईने काम करू लागले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले, त्या वेळी त्यांचे नाव चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात त्यांच्या १९७९ मधील चित्राला तेवीस कोटी रुपयांहून अधिक बोली लागली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले.

लिलावातील आकड्याने नाव सर्वत्र झाले. तथापि चित्र कसे पाहावे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी महाराष्ट्राच्या रसिकाला फार दूर जावे लागत नाही. मैफिलीत गवई आलाप सुरू करतो, तेव्हा 'हा आलाप कशाविषयी आहे?' असे कोणी विचारीत नाही. एकेक स्वर लागतो, थांबतो, शेजारच्या स्वराला उजळतो, आणि श्रोता त्याच्याबरोबर थांबतो. कान ज्या विद्येत तरबेज आहेत, तीच डोळ्यांनी शिकावयाची आहे. गायतोंडे यांच्या पिवळ्या किंवा राखी चित्रापुढे दहा मिनिटे शांतपणे उभे राहिले असता प्रथम कोरा वाटणारा पृष्ठभाग थराथराने उलगडत जातो. पहिला प्रश्न तोवर निघून गेलेला असतो. त्याचे उत्तर मिळाले नाही, ही गोष्टही मग खटकत नाही.