पुतळ्याच्या पाटीवर शिल्पकाराचे नाव का नसते?



आपल्या वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची पाटी कधी नीट वाचली आहे का? उद्घाटक मंत्री, आमदार, नगरसेवक सगळे तिथे असतात. ज्याने मातीतून तो चेहरा उभा केला, त्याचे नाव मात्र बहुतेक वेळा नसते. हा साधा विसर नाही. पोथी वाचणारा वरचा आणि हाताने घडवणारा खालचा, या चातुर्वर्ण्याच्या शिकवणीची ही जुनी सवय आहे. पेशवाईत सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये, असा हुकूम निघाला होता. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिसंहारा'च्या भाषणात ही हकिकत मुद्दाम नोंदवली.

म्हणूनच आज एका स्थलांतरित शिल्पकाराचा इतिहास पाहू.

राम वनजी सुतार यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1925 रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे झाला. वडील सुतारकाम करत. जातीच्या नियमाने मुलाच्या हाती रंधाच यायचा. पण श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी त्यांचा हात ओळखला आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. तिथे 1953 साली त्यांनी मेयो पदक मिळवले.

जोशी गुरुजींचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण प्रश्न विचारलाच पाहिजे. दार एका माणसाने उघडले, व्यवस्थेने नाही. ज्यांना असे गुरुजी भेटले नाहीत, त्या हजारो मुलांचे काय? शिक्षण उपकारावर नव्हे, हक्कावर उभे राहावे, यासाठीच तर बाबासाहेबांचा लढा होता.

1954 ते 1958 या काळात सुतार पुरातत्त्व खात्यात होते. अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या मूर्तींच्या दुरुस्तीचे काम त्यांनी केले. बुद्धाची लेणी कोरणाऱ्या त्या कारागिरांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. पुढे ते दिल्लीला माहिती व नभोवाणी खात्यात गेले आणि 1959 साली सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र शिल्पकार झाले. मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना गाव सोडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते. गाव सुटले की माणूस जातीने ठरवलेल्या कामातूनही सुटू शकतो.

गांधीसागर धरणावरची 45 फुटी चंबळ देवी, संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधी, 182 मीटर उंचीचे सरदार पटेल, हैदराबादचा बाबासाहेबांचा 125 फुटी पुतळा हे सारे त्यांचेच काम. मुंबईत इंदू मिलच्या जागेवरील 350 फुटी पुतळ्याचे शिल्पही त्यांचेच. 2016 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. डिसेंबर 2025 मध्ये नोएडात वयाच्या शंभरीत त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, सुतार तर आयुष्यभर गांधी घडवत राहिले, ते आपले कसे? त्यांना आंबेडकरवादी ठरवण्याची गरजच नाही. ते व्यावसायिक शिल्पकार होते, काम मागेल त्याचे करत. संसदेतला बोट उंचावलेला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांनी घडवला. 1967 साली त्याचे अनावरण झाले. आज ही नावे आपल्या किती तरुणांना ठाऊक आहेत?

आणखी एक. शिल्पकार पुतळा घडवतो, पण त्याची जागा चळवळ मिळवते. 6 डिसेंबर 2011 रोजी भीमसैनिक इंदू मिलमध्ये घुसले, म्हणून पुढच्या वर्षी केंद्राला ती जमीन देण्याची घोषणा करावी लागली. सरकारने काही मेहरबानी केली नाही. मात्र 1943 साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. पुतळ्याची उंची मोजत बसलो आणि वाचनालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती विसरलो, तर प्रस्थापितांना तेच हवे आहे.

म्हणून दोन कामे करू. नवा पुतळा उभा राहील तेव्हा पाटीवर शिल्पकाराचे नाव आग्रहाने कोरायला लावू. आणि वस्तीतले एखादे मूल भिंतीवर कोळशाने चित्र काढत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी कलाशाळेच्या प्रवेशाचा अर्ज आणून देऊ. त्याने एखाद्या गुरुजींची वाट का पाहावी?

जय भीम! जय संविधान!