हळू बोलणाऱ्यांचा इतिहास

मोठ्याने बोलणाऱ्याचे काम आधी होते, हे बँकेत काउंटरमागे बसणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. रांगेतल्या पाचव्या गृहस्थाने खणखणीत आवाजात ‘अहो, इकडे बघा जरा!’ म्हटले, की पहिल्या नंबरच्या आजीबाई आपोआप दुसऱ्या होतात. वाद्यांच्या दुनियेतही हाच न्याय होता. १९२५ सालापर्यंत रेकॉर्डिंग म्हणजे एक भला मोठा कर्णा. त्यात जीव खाऊन वाजवायचे. त्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. बँजो टणटणीत, म्हणून त्याची चलती. गिटार म्हणजे आमच्या आजीबाई! बोलायची, पण कर्ण्याच्या कानी पडायचे नाही.

१९२५मध्ये अमेरिकेत विजेवरच्या रेकॉर्डिंगच्या तबकड्या बाजारात आल्या. कर्णा गेला, माइक आला आणि गिटारला प्रथमच कोणी ‘बसा, काय म्हणत होता?’ असे विचारले. पुढच्या काही वर्षांत बँडमधल्या बँजोच्या खुर्चीवर गिटार जाऊन बसली. आमच्याकडे ह्याला सिनिऑरिटी डावलणे म्हणतात आणि त्यावर युनियन मोर्चा काढते.

आता माइक ठेवायचा कुठे? तुम्ही-आम्ही तो गिटारच्या पोटावरच्या भोकासमोर ठेवू. आवाज तिथूनच येणार, नाही का? तिथून येतो तो आतल्या हवेचा घुमारा! नुसती घूंघूं ऐकू येते. त्यात एका दिशेने ऐकणारा माइक जितका जवळ न्यावा तितका खर्ज फुगतो. म्हणून जाणकार तो मानेच्या मुळाशी, बाराव्या पट्टीच्या आसपास, वीत-दीड वीत लांब धरतात. बरे, महागडा नाजूक कंडेन्सर माइक घरात लावावा तर तो गिटारबरोबर कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांचे भांडणही इमानाने टिपतो. त्यापेक्षा थोडा कमी ऐकणारा दणकट डायनॅमिक माइक संसारी माणसाला बरा.

नोव्हेंबर १९३६मध्ये टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलच्या खोलीत रॉबर्ट जॉन्सन भिंतीकडे तोंड करून वाजवायला बसला, असे त्याचे रेकॉर्डिंग करणाऱ्या डॉन लॉने सांगून ठेवले आहे. कोणी म्हणतात, लाजला. कोणी म्हणतात, बोटांची करामत इतर वादकांपासून लपवत होता. गिटारवादक राय कूडरचे म्हणणे, कोपऱ्यातून परतणारा आवाज भरदार होतो म्हणून. मला तिसरे पटते. लाजणारा माणूस हॉटेलात गायला येईल कशाला?

खरी गंमत १९८२ची. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी भाड्याच्या घरात ब्रूस स्प्रिंगस्टीन राहत होता. नाव झालेले, पैसा झालेला. बँडला चाली आधी ऐकवल्या तर स्टुडिओचे भाडे वाचेल, हा त्याचा हिशेब. (अशी खातेदार मंडळी आम्हांला फार आवडतात.) जाड गालिचाच्या बेडरूममध्ये त्याने चार ट्रॅकचे टीअॅक कॅसेट यंत्र मांडले आणि एसएम ५७ जातीचे दोन डायनॅमिक माइक. हा माइक १९६५पासूनचा. अमेरिकेचे अध्यक्षसुद्धा भाषणाला ह्याच्याच पुढे उभे राहत आले आहेत. म्हणजे सहनशक्तीबद्दल शंकाच नको! मिश्रण उतरवले पूर्वी पाण्यात पडलेल्या एका जुन्या टेपरेकॉर्डरवर. ती कॅसेट डबीशिवाय खिशात घालून हा गृहस्थ कित्येक आठवडे हिंडला.

पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टुडिओत सगळा बँड बसवून तीच गाणी वाजवली. सगळे स्वच्छ, चकचकीत. पण खोलीतला तो एकटा माणूस गायब. शेवटी खिशातली कॅसेटच छापायचे ठरले. तंत्रज्ञांना घाम फुटला, कारण तो क्षीण आवाज तबकडीवर नीट कोरलाच जाईना. तरी ३० सप्टेंबर १९८२ला ‘नेब्रास्का’ निघाली आणि अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

बँडबरोबरची ती स्टुडिओतली आवृत्ती २०२५मध्ये बाहेर आली. आमच्या घरी दोन्ही लागल्या. बँडची सुरू झाली तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘आवाज कमी करा.’’ बेडरूममधली लागली, तेव्हा ओट्यावरचा गॅस बारीक करून ती बाहेर येऊन बसली.