विश्लेषण : सेप्सिस झालेल्या मुलांच्या रक्तातील जनुके काय सांगतात?

दोन मुले. वय सारखे, जंतू तोच, औषधेही तीच. एक मूल आठवड्याभरात घरी जाते, दुसरे मात्र अतिदक्षता विभागात मृत्यूशी झुंजते. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर संशोधक मुलांच्या रक्तातील जनुकांमध्ये शोधत आहेत.

सेप्सिस म्हणजे काय?

जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसाद बिघडतो आणि त्यातून स्वतःच्याच अवयवांना इजा होते, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. रक्ताभिसरण कोलमडले की तो ‘सेप्टिक शॉक’ ठरतो. २०१७ मध्ये जगभरात सेप्सिसचे सुमारे ४.९ कोटी रुग्ण होते आणि १.१ कोटी मृत्यू सेप्सिसशी निगडित होते, असा अंदाज आहे. त्या रुग्णांपैकी सुमारे दोन कोटी पाच वर्षांखालील मुले होती.

जनुकीय अभिव्यक्ती म्हणजे काय?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे २० हजार जनुके असतात, पण ती सगळी एकाच वेळी काम करत नाहीत. घरात जसे गरजेपुरतेच दिवे लावले जातात, तशीच पेशी गरजेची जनुके ‘चालू’ करते. चालू जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात तयार होते आणि त्यावरून बहुतेक वेळा प्रथिन बनते. म्हणून रक्तातील पांढऱ्या पेशींमधला आरएनए मोजला की शरीर त्या क्षणी कोणती लढाई लढत आहे, हे कळते. लक्षात घ्या, येथे जनुके बदलत नाहीत. त्यांचे चालू-बंद होणे बदलते.

आजारी मुलांमध्ये काय आढळले?

अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात डॉ. हेक्टर वाँग आणि सहकाऱ्यांनी यावर दीर्घकाळ काम केले. सेप्टिक शॉकमध्ये दाह वाढवणारी जनुके जोरात चालू होतात, हे अपेक्षितच होते. पण त्याच वेळी टी-पेशींशी संबंधित, म्हणजे नेमक्या शत्रूला ओळखून लढणाऱ्या यंत्रणेची अनेक जनुके मंदावलेली दिसली. म्हणजे एकीकडे आग भडकलेली आणि दुसरीकडे प्रशिक्षित शिपाई झोपलेले.

२००७ च्या त्यांच्या अभ्यासात आणखी एक धागा मिळाला. झिंकवर अवलंबून असलेली अनेक जनुके दबलेली होती आणि दगावलेल्या मुलांच्या रक्तात झिंकचे प्रमाण वाचलेल्यांपेक्षा कमी होते. मात्र यावरून झिंकच्या गोळ्यांनी सेप्सिस बरा होतो, असा अर्थ काढू नये.

सेप्सिसचे प्रकार वेगळे?

२०१५ मध्ये या गटाने १०० जनुकांच्या आधारे मुलांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट पाडले. ‘अ’ गटात टी-पेशींची आणि स्टेरॉइडला प्रतिसाद देणारी जनुके दबलेली होती आणि मृत्यूचे प्रमाण अधिक होते. या गटात स्टेरॉइड दिलेल्या मुलांमध्ये मृत्यूचा धोका जास्त दिसला. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. स्टेरॉइडमुळेच तसे झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण एकच औषध सर्वांना सारखे लागू पडेलच असे नाही, हा इशारा मोलाचा आहे.

याच संशोधनातून ‘पर्सिव्हिअर’ ही चाचणी-पद्धती आली. आयएल-८सह रक्तातील पाच प्रथिने मोजून मुलाला मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज ती बांधते.

मग अडचण कुठे?

सेप्सिसमध्ये एकेक तास महत्त्वाचा असतो आणि जनुकांची तपासणी वेळखाऊ व खर्चिक असते. शिवाय वयानुसार प्रतिसाद बदलतो. नवजात बाळाचे निष्कर्ष दहा वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यामुळे आजही निदान लक्षणे, तपासणी आणि नेहमीच्या रक्तचाचण्यांवरूनच होते. उपचारही तेच : वेळेत प्रतिजैविके, सलाइन, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास रक्तदाब टिकवणारी औषधे.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

तापासोबत मूल खूप सुस्त किंवा गोंधळलेले वाटणे, श्वास जलद चालणे, हातपाय गार पडणे, त्वचा निळसर किंवा चट्टेदार दिसणे, लघवी खूप कमी होणे, दूध न पिणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. नवजात बाळाचे अंग तापण्याऐवजी गारही पडू शकते. अशा वेळी ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि ‘सेप्सिस तर नाही ना?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.